ड्रिलिंग पद्धतींची तुलना करणारं सॉफ्टवेअर: आधी काय ठरवायचं, मग काय लिहायचं

तेल आणि वायू क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुंबई-नवी मुंबईतल्या टीम्सकडून एकच चूक पुन्हा पुन्हा होते. पहिल्याच आठवड्यात डेटाबेसमध्ये 'ड्रिलिंग पद्धत' नावाचा एक रकाना तयार होतो. त्याच्या ड्रॉपडाउनमध्ये रोटरी, हॉरिझॉन्टल, जॅक-अप (समुद्राच्या तळावर पाय टेकवून उभी राहणारी खोदकामाची यंत्रणा, म्हणजे रिग), एमपीडी (विहिरीतला दाब नेमका सांभाळत खोदणं), ऑफशोअर, फ्रॅकिंग (दाबाने खडकाला भेगा पाडणं) अशी नावं एकाखाली एक बसतात आणि आलेख, सरासऱ्या, खर्चाचे अहवाल असं पुढचं सगळं त्याच रकान्यावर उभं राहतं. मग डेमोच्या दिवशी ड्रिलिंग इंजिनिअर विचारतो, "जॅक-अपवरून एमपीडी वापरून आडवी विहीर खोदली, तर यातलं काय निवडायचं?" आणि खोलीत कुणाकडे उत्तर नसतं.

बँकिंग, विमा किंवा ई-कॉमर्समधून या क्षेत्रात आलेल्या डेव्हलपर मंडळींसाठी हे टप्पे लिहिले आहेत. कोड तुम्हाला येतोच. तुलना फसते ती कोडच्या आधीच्या निर्णयांत, म्हणून टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## तयारी: एकही ओळ लिहिण्याआधी काय हातात हवं

क्लायंटकडून प्रत्येक विहिरीसाठी पुढच्या गोष्टी मागा:

- विहिरीचा सेक्शननिहाय आराखडा: बिटचा, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाचा, आकार (२६, १७½, १२¼, ८½ इंच वगैरे) आणि प्रत्येक केसिंग (विहिरीला आतून बसवलेला पोलादी पाइप) कुठल्या खोलीवर बसलं ते
- सर्व्हे फाइल: मोजलेली खोली, कल आणि दिशा
- प्रत्येक फेरीत (बिट खाली उतरवल्यापासून वर काढेपर्यंत) खाली काय उतरवलं होतं त्याची यादी, म्हणजे बीएचए, पाइपच्या खालच्या टोकाची जोडणी. मोटर असेल तर तिची तपशीलपत्रिका
- दैनिक ड्रिलिंग अहवाल, सगळ्या दिवसांचे
- रिगवरून आलेला रिअल-टाइम डेटा, बहुधा विट्सएमएल या ड्रिलिंग डेटाच्या प्रमाणित स्वरूपात. आवृत्ती १.४.१.१ आहे की २ च्या पुढची, ते आधीच विचारा. दोन्हींची रचना वेगळी आहे.
- एक कागद, ज्यावर खोलीचा शून्यबिंदू, नकाशाचं प्रोजेक्शन, उत्तर दिशा कुठली धरली, एककं आणि वेळेचा पट्टा लेखी दिलेला आहे

हा शेवटचा कागद सगळ्यात उशिरा मिळतो, आणि त्याच्याशिवाय केलेलं काम हमखास परत करावं लागतं. तो ईमेलवर मागून घ्या. मीटिंगमधलं "हो हो, स्टँडर्डच आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

क्लायंटचा डेटा गोपनीय असेल आणि सरावाला काही हवं असेल, तर इक्विनॉरने २०१८ मध्ये नॉर्वेच्या समुद्रातल्या व्होल्व क्षेत्राचा डेटा खुला केला आहे. त्यात रिअल-टाइम ड्रिलिंगच्या नोंदीही आहेत. खऱ्या डेटातली घाण कशी असते ते तिथे नीट कळतं.

आणखी एक तयारी फुकट आहे, तरी कुणी करत नाही: रिगवर काम केलेल्या माणसाबरोबर एक तास बसा. आपल्याकडे अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी अशा पाळीवर काम करणारी कितीतरी घरं मुंबई, ठाणे, पनवेल, उरणमध्ये आहेत. त्यांना एखाद्या फेरीचा दैनिक अहवाल दाखवा आणि ओळीओळीने वाचून घ्या.

## टप्पा १: 'पद्धत' हा एक रकाना चार प्रश्नांत फोडा

एका विहिरीबद्दल चार वेगळे प्रश्न असतात. प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र साठवायचं.

पहिला: रिग कशावर उभी आहे? जमिनीवर, फलाटावर, जॅक-अपवर, सेमी-सबमर्सिबलवर की ड्रिलशिपवर (या शेवटच्या दोन्ही तरंगत्या). मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायमध्ये पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. एवढ्या पाण्यात जॅक-अपचे पाय तळाला टेकतात आणि रिग लाटांबरोबर वरखाली होत नाही. पूर्व किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रात तरंगती रिग लागते. तिथे लाटेबरोबर सगळंच हलतं. ब्लॉकची (पाइप वरखाली करणाऱ्या कप्पीची) उंची आणि हुकलोड (तिला टांगलेलं वजन) या दोन्ही चॅनेलमध्ये ती हालचाल उतरते. जॅक-अपवर नीट चालणारा तुमचा अल्गोरिदम ड्रिलशिपवर गोंधळतो तो यामुळेच.

दुसरा: बिट कशाने फिरतं? केली (सगळ्यात वरचा कोनदार पाइप) आणि तो फिरवणाऱ्या रोटरी टेबलने, वरून पाइप फिरवणाऱ्या टॉप ड्राइव्हने, मडच्या (विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या जड द्रवाच्या) प्रवाहावर चालणाऱ्या मोटरने, की पाइप फिरत असतानाच दिशा वळवणाऱ्या रोटरी स्टिअरेबल यंत्रणेने. इथे एकापेक्षा जास्त उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. टॉप ड्राइव्ह वरून पाइप फिरवत असतो आणि खाली मोटर बिटला आणखी वेग देत असते. कॉइल्ड ट्यूबिंगमध्ये (रिळावरून सोडलेल्या सलग पाइपमध्ये) पाइप फिरतच नाही, सगळं काम मोटर करते. केसिंग ड्रिलिंगमध्ये पाइपऐवजी केसिंगनेच खोदलं जातं. गावाकडे बोअरवेलची गाडी हवेच्या दाबावर हॅमर मारते, तोही एक प्रकार आहे. पण तेलाच्या बहुतेक विहिरी मड फिरवत रोटरीने खोदतात, त्यामुळे बोअरवेल पाहून बांधलेली कल्पना इथे आणू नका.

तिसरा: विहिरीतला दाब कसा सांभाळला? नेहमीच्या पद्धतीत मडच्या वजनाचा दाब खडकातल्या द्रवाच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात. एमपीडीमध्ये वरून चोकने, म्हणजे परतणाऱ्या मडची वाट आवळणाऱ्या झडपेने, दाब देऊन तळाचा दाब अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. अंडरबॅलन्स्डमध्ये तो मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे खोदत असतानाच विहीर थोडी वाहती असते.

चौथा: विहिरीचा मार्ग कसा आहे? उभा, तिरपा, आडवा, फांद्या फुटलेला, की फार लांबवर नेलेला.

फ्रॅकिंग यातल्या कुठल्याच यादीत बसत नाही. ते विहीर खोदून झाल्यावरचं काम आहे. वर्कओव्हर, म्हणजे जुन्या विहिरीची दुरुस्ती, तसंच. दोन्ही ड्रॉपडाउनमधून काढून टाका.

ही चार उत्तरं विहिरीला जोडू नका, सेक्शनला जोडा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर फेरीला जोडा. एकाच विहिरीत वरचा १७½ इंची भाग साध्या रोटरीने उभा खोदलेला असतो आणि खालचा ८½ इंची भाग मोटर लावून, एमपीडीखाली, आडवा. विहिरीला एकच शिक्का मारला की हे सगळं पुसलं जातं.

> तपासणी: डेमोतला तो प्रश्न स्वतःला विचारा. "जॅक-अपवरून एमपीडी वापरून आडवी विहीर" ही नोंद तुमच्या मांडणीत काहीही न गाळता बसते का?

## टप्पा २: खोली एका शून्यावर आणा

'खोली' म्हणून येणारा आकडा कुठून मोजला हे माहीत नसेल तर तो निरुपयोगी आहे. रिगवर खोली बहुतेक वेळा रोटरी टेबलच्या पातळीपासून मोजतात. ही पातळी समुद्रसपाटीच्या किती वर आहे ते प्रत्येक रिगवर वेगळं असतं. त्याच फलाटावर दहा वर्षांनी दुसरी रिग आली तर त्याच विहिरीचा शून्य बदलतो, आणि दोन काळांतले आकडे काही मीटरनी सरकलेले दिसतात.

म्हणून प्रत्येक खोलीबरोबर तीन गोष्टी साठवा: पाइपच्या वाटेने मोजलेली लांबी, उभी खोली आणि समुद्रसपाटीपासूनची उभी खोली. उभी खोली सर्व्हेवरून मिनिमम कर्व्हेचर पद्धतीने काढा; ती दोन सर्व्हेंमध्ये वर्तुळाची कमान धरते. दोन सर्व्हेंमध्ये सरळ रेषा ओढून काम भागवू नका.

यातली चूक किती महाग पडते ते पाहा. तिरप्या विहिरीची मोजलेली लांबी २४०० मीटर आहे, उभी खोली १५०० मीटर, आणि मडची घनता घनमीटरला १२०० किलो. स्थिर मडचा तळाशी दाब उभ्या खोलीवरून निघतो: १२०० × ९.८१ × १५००, म्हणजे सुमारे १७.७ मेगापास्कल. कुणी चुकून मोजलेली लांबी घातली तर उत्तर येतं २८.३ मेगापास्कल. स्क्रीनवर दोन्ही आकडे सारखेच व्यवस्थित दिसतात, आणि उभ्या विहिरीवर चाचणी घेतली असेल तर ही चूक सापडतही नाही. युनिट टेस्टसाठी नेहमी तिरपी विहीर घ्या.

मुंबईकरांनी लक्षात ठेवायची एक खास गोष्ट प्रोजेक्शनची आहे. यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात, आणि मुंबई शहर त्यातल्या ४३ व्या झोनमध्ये येतं. दोन झोनमधली सीमा ७२ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे किनाऱ्यापासून फार लांब नाही. त्यापलीकडचा मुंबई हाय ४२ व्या झोनमध्ये पडतो. "मुंबईचा प्रोजेक्ट आहे" म्हणून कोडमध्ये ४३ पक्का लिहिला, की ग्रिड उत्तर जवळपास २ अंशांनी फिरते. आडवं अंतर १००० मीटर असेल तर विहिरीचं टोक सुमारे ३५ मीटर बाजूला दिसतं. जुन्या भारतीय डेटात एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले निर्देशांकही सापडतात, त्यांना डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची संदर्भप्रणाली) समजून वाचू नका.

> सावधान: सर्व्हेतली दिशा चुंबकीय उत्तरेवरून आहे, खऱ्या उत्तरेवरून की ग्रिडच्या उत्तरेवरून, हे फाइलच्या शीर्षकात नसेल तर अंदाज बांधू नका. थांबा आणि विचारा.

## टप्पा ३: एककं, रिकाम्या नोंदी, वेळ

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण लवकर होतो.

मडची घनता पाउंड प्रति गॅलन, सापेक्ष घनता किंवा किलो प्रति घनमीटर यांपैकी कशातही येते. सापेक्ष घनता १ म्हणजे सुमारे ८.३४५ पाउंड प्रति गॅलन, आणि हा गॅलन अमेरिकन असतो. वळणाची तीव्रता कुठे ३० मीटरला किती अंश तर कुठे १०० फुटांना किती अंश अशी देतात. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर, फरक दीड टक्क्याच्या आसपास. इतका कमी फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहून जातो.

नोंद नसेल तिथे -९९९.२५ हा आकडा घालायची जुनी रीत आहे. तो गाळला नाही तर सरासरी वेग उणे येतो. तसा तो आला तर बरंच, कारण चूक लगेच कळते. हजारो नोंदींत दोनचारच उणे असतील, तर सरासरी फक्त थोडी कमी दिसते आणि कुणालाच शंका येत नाही.

वेळ यूटीसीमध्ये साठवा आणि दाखवताना साडेपाच तास मिळवा. त्याबरोबर अहवालाचा दिवस कुठे सुरू होतो तेही साठवा: अनेक ठिकाणी तो सकाळी ६ ते सकाळी ६ असतो. मध्यरात्रीची सीमा धरली तर तुमचे दिवसाचे मीटर आणि अहवालातले मीटर कधीच जुळणार नाहीत.

## टप्पा ४: रिग त्या क्षणी काय करत होती ते ओळखा

तुलनेचा खरा कस इथे लागतो. वेगाची सरासरी काढायची तर आधी खोदणं चालू असलेले सेकंद वेगळे करावे लागतात. पाइप जोडणं (कनेक्शन), वर काढणं किंवा खाली उतरवणं (ट्रिप), नुसतं मड फिरवणं, हे सगळं त्याच चॅनेलमधून वाहत येतं.

सर्वसाधारण नियम असे लिहा:

1. बिटची खोली आणि विहिरीची खोली जवळपास सारखी, मडचा प्रवाह चालू, ब्लॉक खाली येतोय, पाइप फिरतोय: रोटरी खोदकाम.
2. वरचं सगळं तसंच, पण पाइप फिरत नाही: स्लायडिंग. मोटर बिटला फिरवते आहे आणि विहीर वळवली जाते आहे.
3. बिट तळापासून वर, प्रवाह बंद, हुकलोड पाइपच्या वजनाऐवजी फक्त ब्लॉकच्या वजनाइतका: पाइप स्लिप्समध्ये (पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरींत), कनेक्शन किंवा ट्रिप चालू.

दुसरा नियम विसरणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. 'फेरे शून्यापेक्षा जास्त म्हणजे खोदकाम' एवढंच लिहिलं, की स्लायडिंगमधले मीटर कुठल्याच वेळेशिवाय वाढलेले दिसतात आणि मोटरची फेरी खोटीच वेगवान ठरते. शून्यालाही थोडी जागा ठेवा, कारण स्लायडिंग करताना घर्षण कमी व्हावं म्हणून पाइप डावी-उजवीकडे थोडाथोडा हलवत ठेवतात.

याच टप्प्यावर पद्धतीनुसार नियम बदलावे लागतात. टॉप ड्राइव्हवर साधारण २८ मीटरच्या तीन-पाइपी स्टँडनंतर कनेक्शन येतं, केलीवर दर ९ मीटरच्या एका पाइपनंतर. म्हणजे २८० मीटर खोदायला एकीकडे १० कनेक्शन, दुसरीकडे ३१. कॉइल्ड ट्यूबिंगमध्ये कनेक्शन नसतंच, आणि पाइपचे फेरेही कायम शून्य. तिथे पहिला नियम कधीच लागू पडणार नाही.

एमपीडीमध्ये कनेक्शनच्या वेळी पंप बंद होतात आणि वरचा दाब मुद्दाम वाढवतात. तुमच्या स्क्रीनवर तो दाबाचा झटका लाल रंगात झळकला तर ड्रिलर पहिल्याच दिवशी अलार्म बंद करतो. अंडरबॅलन्स्डमध्ये विहिरीतून द्रव येणं अपेक्षितच असतं, त्यामुळे किक (खडकातला द्रव अचानक विहिरीत घुसणं) ओळखण्याचा नेहमीचा नियम तिथे दिवसभर वाजत राहील. शिवाय मडमध्ये वायू मिसळलेला असेल तर मडच्या दाबलहरींतून वर येणारे संदेश विरतात. अशा वेळी तळाचा डेटा दुसऱ्या मार्गाने किंवा उपकरण वर काढल्यावर मिळतो. उशिरा आलेली ती नोंद जुन्या जागी भरता येईल अशी सोय ठेवा.

> सावधान: तुलनेसाठी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर किक ओळखायला किंवा विहीर बंद करायचा निर्णय घ्यायला वापरता येणार नाही, हे स्क्रीनवर आणि करारात दोन्हीकडे लिहा. त्या कामाच्या यंत्रणा वेगळ्या असतात आणि त्यांच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

> तपासणी: एका दिवसाचे ओळखलेले तास दैनिक अहवालातल्या तासांशी ताडून पाहा. खोदकाम, ट्रिप आणि कनेक्शनची बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: सारख्याशीच सारखं लावा

वरचा मऊ थर १७½ इंची बिटने तासाला कितीतरी मीटर जातो. खालच्या टणक चुनखडीत तोच वेग एक अंकी होतो. संपूर्ण विहिरीची सरासरी काढून दोन पद्धतींची तुलना केली तर तुम्ही मोजता खडक आणि नाव देता पद्धतीचं.

गट पाडताना बिटचा आकार, खडकाचा थर, कलाचा पट्टा आणि खोलीचा पट्टा हे चारही जुळले पाहिजेत. मगच टप्पा १ मधल्या चार प्रश्नांपैकी फक्त एकाचं उत्तर बदलतं असे सेक्शन समोरासमोर ठेवा. असे सेक्शन मिळाले नाहीत तर स्क्रीनने सरळ सांगावं: 'तुलनेसाठी पुरेसा जुळणारा डेटा नाही'. हे वाक्य दाखवायला प्रॉडक्ट मॅनेजर राजी होत नाहीत. त्यांच्याशी भांडा; चुकीच्या स्तंभालेखावरून कुणी कोट्यवधींची रिग भाड्याने घेतो.

पावसाळ्याचे तास वेगळे काढा. आपल्या समुद्रात जूनपासूनच्या खवळलेल्या दिवसांत जॅक-अप हलवणं टाळतात, आणि हवामानाची वाट पाहण्यात वेळ जातो. तो वेळ पद्धतीच्या नावावर टाकला तर जानेवारीत खोदलेली कुठलीही विहीर जिंकते.

## टप्पा ६: मोजमाप निवडा

दर मीटरचा खर्च. नेहमीचं सूत्र असं: बिटची किंमत, अधिक रिगचा ताशी दर गुणिले खोदण्याचे आणि ट्रिपचे तास, या बेरजेला खोदलेल्या मीटरनी भागायचं. सूत्र सोपं आहे, पण निष्कर्ष रिगच्या दरावर उलटतो. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. बिट 'अ' १० लाखांचं, ३०० मीटरला ३० तास घेतं. बिट 'ब' ३० लाखांचं, २२ तास घेतं. ट्रिपला दोघांनाही ८ तास.

- रिगचा दर ताशी २ लाख असेल, तर 'अ' ला मीटरला सुमारे २८,६६७ रुपये, 'ब' ला ३०,०००. 'अ' स्वस्त.
- दर ताशी ६ लाख असेल, तर 'अ' ला सुमारे ७९,३३३ रुपये, 'ब' ला ७०,०००. 'ब' स्वस्त.

बिट तीच, खडक तोच, फक्त रिग जमिनीवरून समुद्रात गेली. म्हणून रिगचा दर कधीही कोडमध्ये पक्का लिहू नका. तो वापरणाऱ्याला बदलता आला पाहिजे, आणि कुठल्या दराला निकाल फिरतो ते दाखवता आलं तर उत्तमच.

खडक फोडायला लागलेली ऊर्जा. टीलने १९६५ मध्ये मांडलेलं हे मोजमाप आजही वापरतात: बिटवरचा भार भागिले बिटचं क्षेत्रफळ, अधिक फिरवण्याची ऊर्जा भागिले फोडलेल्या खडकाचं आकारमान. इथली नेहमीची चूक म्हणजे पाइपचे फेरे घालणं. लागतात ते बिटचे फेरे. मोटर प्रति गॅलन ०.२५ फेरे देत असेल आणि प्रवाह मिनिटाला ६०० गॅलन असेल, तर मोटरचेच १५० फेरे होतात. स्लायडिंगमध्ये पाइपचे फेरे शून्य घातले की दुसरी संख्या नाहीशी होते आणि मोटर जवळपास फुकटात खडक फोडताना दिसते. टॉर्कचंही तसंच. पृष्ठभागावरच्या टॉर्कमध्ये पाइप आणि विहिरीच्या भिंतीचं घर्षण मिसळलेलं असतं. आडव्या विहिरीत ते खूप असतं.

सेक्शनचा एकूण वेळ. केसिंग ड्रिलिंगसाठी हेच मोजमाप धरा. नुसत्या वेगात ते मागे दिसेल, पण खोदून झाल्यावर पाइप काढून केसिंग वेगळं उतरवायचा वेळ त्यात वाचलेला असतो. मागच्या केसिंगनंतर खोदायला सुरुवात केल्यापासून हे केसिंग सिमेंट होईपर्यंतचे तास मोजा. या पद्धतीत केसिंग आणि विहिरीच्या भिंतीमधली जागाही अरुंद असते, त्यामुळे मड फिरताना तळाचा दाब वाढतो. हा वाढलेला दाबही त्याच ओळीत दाखवा, म्हणजे वाचलेल्या वेळाबरोबर पत्करलेली जोखीमही समोर राहते.

## टप्पा ७: सोडण्याआधी एक विहीर हाताने करा

सगळी कागदपत्रं पूर्ण असलेली एक तिरपी विहीर निवडा, शक्यतो जिच्यात मोटरने स्लायडिंग झालं आहे. तिचा एक सेक्शन स्प्रेडशीटमध्ये हाताने सोडवा: उभी खोली, खोदकामाचे तास, दर मीटरचा खर्च. मग सॉफ्टवेअरचं उत्तर शेजारी ठेवा. खोली काही मीटरनी सरकलेली असेल तर टप्पा २ मध्ये परत जा. तास कमी भरत असतील तर बहुधा स्लायडिंग गळलं आहे. दिवसाचे मीटर पुढेमागे होत असतील तर अहवालाचा दिवस चुकला आहे.

हे कोष्टक ड्रिलिंग इंजिनिअरकडून तपासून, सही घेऊन रिपॉझिटरीत ठेवा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या चाचणीत हीच विहीर चालवा. आकडा बदलला तर आवृत्ती अडली पाहिजे, भले बदल दशांश चिन्हानंतरचा असो.